ओळखीचं कार्ड

“नाही घेत, ताई. बघा तुम्हीच,” असं म्हणून दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप चिमीकडे वळवला. काळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. अनोळखी वायरलेस कार्ड बसवलं आहे, ते काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

चिमीला हसूच आलं. भावाने फोनवरून फारच लकडा लावला म्हणून तिने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सांभाळायला एक बाई ठेवून पाहिली होती. बाबांनी तिच्या हातून एक घास घेतला नाही. ओठ घट्ट मिटून ते छताकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी बाईच आली नाही.

काही जुन्या मशीनना कंपनीने ठरवून दिलेलीच कार्डं चालतात, बाकी कितीही भारी आणा, ती दारातच अडवतात, असं दुरुस्तीवाल्याने समजावलं. हे नवं कार्ड चिमीनेच हट्टाने निवडलं होतं. ते लांबवर पोचतं असं कोणीतरी सांगितलं होतं आणि तिला लांबच जायचं होतं. लांब म्हणजे कुठे, तर घरातल्या घरात, गॅलरीपर्यंत.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेली टिपणं ऐकून टाइप करायची, हे तिचं काम. लॅपटॉपचं कार्ड मेल्यापासून ते निळ्या वायरवर चाललं होतं. राउटर बाबांच्या उशाशी, वायर त्यांच्या पलंगाच्या कडेने, आणि वायरच्या टोकाला, पायथ्याशी, टेबल मांडून चिमी. वायरलेसची छोटी कांडी लावावी तर लॅपटॉपचं एकच भोक चालू होतं आणि त्यात टिपण थांबवायचं-चालवायचं, पायाने दाबायचं पेडल. बाबांचा आवाज आजारपणात गेला होता, पुटपुटल्यासारखं काय ते बोलत. त्यांना या वायरीचा शोध लागला. काही हवं असलं की ते वायर ओढत, लॅपटॉप टेबलावर सरके आणि चिमीला उठावं लागे. पाणी हवं, उशी सरळ कर, पडदा ओढ, पडदा उघड. पन्नाशीला टेकलेली चिमी दावणीला बांधल्यासारखी बसली होती, आणि तिला कधी कधी त्या वायरीचा इतका राग येई की कात्रीच चालवावी.

दुरुस्तीवाल्याने मग एका बंद पडलेल्या मशीनमधून अस्सल जुनं कार्ड काढलं. बिस्किटाएवढंही नव्हतं. दोन बारीक वायरी टोपणासारख्या त्यावर दाबल्या, स्क्रू पिळला. मशीनने काही कुरकुर न करता ते घेतलं.

“वेग बेताचाच मिळेल,” तो म्हणाला. “पण हे त्याच्या ओळखीचं आहे.”

घरी आल्यावर चिमीने बाबांना भरवलं, तोंड पुसलं, आणि लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेली. जाताना दार लावून घेतलं. सिग्नल जेमतेम होता, पण होता. समोरच्या गच्चीवर कोणी गाद्या उन्हात टाकत होतं. कानात डॉक्टर कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत होता, आणि लॅपटॉप जागचा हलत नव्हता. किती तरी दिवसांनी तिने एक टिपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत न उठता टाइप केलं. मग दुसरं. तिला इतकं बरं वाटलं की थोडी लाज वाटली.

चहा करावा म्हणून ती उठली आणि जाता जाता तिने बाबांच्या खोलीत डोकावलं.

निळी वायर जमिनीवर नव्हती. टेबलावरही नव्हती. सगळीच्या सगळी बाबांच्या छातीवर गोळा झाली होती. ओढत राहिले होते, ओढत राहिले होते, आणि दुसऱ्या टोकाला कोणी नसल्यामुळे ती येत राहिली होती. प्लॅस्टिकचं ते टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

“काय हवं होतं, बाबा?”

ते पुटपुटले. तिला वाकून कान जवळ न्यावा लागला.

“काही नाही. आहेस का, ते बघितलं.”

चिमीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. वायर उलगडून पलंगाच्या कडेने पायथ्यापर्यंत नेली. मग गॅलरीतून लॅपटॉप आणला, टेबलावर ठेवला आणि ते टोक त्यात बसवलं. वायरलेस चालूच होतं. वायरीची काही गरज नव्हती.

ती खुर्चीत बसली, पेडल पायाखाली घेतलं. थोड्या वेळाने लॅपटॉप जरासा सरकला.

“आहे,” ती म्हणाली.