काचेपलीकडचं दुखणं

दोन वाजता गवंडीकाकांची नाडी एकशेचार भरली, तेव्हा मी आधी माझ्या घड्याळावर संशय घेतला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुन्हा मोजली, पूर्ण एक मिनिट. एकशेसहा. बारा वाजता ती चौऱ्याऐंशी होती, एक वाजता ब्याण्णव.

"काका, पाय दुखतोय का? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"काही नाही, पोरी. शून्य लिही." ते हसले. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. "भिंत पडली तर गवंडी रडतो. गवंडी पडला तर भिंत रडते का?"

मी शून्य लिहिलं. रकान्यातलं तिसरं.

आदल्या संध्याकाळी काका परांचीवरून खाली आले होते, दोन मजले. डाव्या नडगीचं हाड मोडलं. सकाळी ऑपरेशन करून त्यात सळई घातली, मागून अर्धं प्लास्टर दिलं, वर बँडेज. बारापर्यंत भूल पूर्ण उतरली होती. दर तासाला नाडी, रक्तदाब, ताप, बोटांचा रंग आणि वेदना लिहायची, हे माझं काम. नर्सिंगची पदवी घेऊन मला या वॉर्डात तीन आठवडे झाले होते.

बोटं मी पाहिली. गुलाबी, ऊबदार. नखावर दाबलं की पांढरी होत होती, सोडलं की लगेच रंग परत येत होता. ताप नव्हता. बँडेजवर रक्त नव्हतं. सगळं ठीक होतं, फक्त नाडी चढत होती. प्रयोगशाळेत दोन मापं जुळली नाहीत की एक उपकरण बिघडलंय असं समजायचं. इथे एक उपकरण माझी बोटं होती आणि दुसरं काकांचं तोंड. 

दाराला गुडघ्याच्या उंचीपासून वर मोठी चौकोनी काच होती. काचेपलीकडे काकू उभ्या होत्या, काकांची बायको. त्यांना मीच बाहेर काढलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरांनी मला एक धडा दिला होता. एका म्हातारीचा मुलगा प्रत्येक प्रश्नाला स्वतःच उत्तर द्यायचा. "आईला काही होत नाही, तिची सवयच आहे कुरकुरायची." चौथ्या दिवशी म्हातारीची जखम उघडली, आत सगळा पू. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "नातेवाईक आधी बाहेर, मग प्रश्न. पेशंटचं तोंड पेशंटलाच वापरू दे." मला तो नियम फार पटला. स्वच्छ होता. मधला माणूस काढला की चूक निघून जाते.

म्हणून बारा वाजता, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत काकू म्हणाल्या, "फार दुखतंय त्यांना. आतून ताणल्यासारखं," तेव्हा मी मोजून मापून सांगितलं, "काकू, दुखणं त्यांचं आहे. उत्तर त्यांनाच देऊ द्या. तुम्ही जरा बाहेर थांबा."

हातातलं काम कुणी हिसकावून घ्यावं तसा त्यांचा चेहरा झाला. पण त्या गेल्या. ही माणसं दूरवरून कामासाठी आलेली. त्यांच्या बोलण्याची ढब वेगळी होती, बाकी आम्हाला एकमेकांचं सगळं कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

बाहेर जाऊन काकू गप्प बसल्या नाहीत. त्या कण्हायला लागल्या. मोठ्याने, लांबवून लांबवून, बाळंतपणात कण्हतात तसं. रखवालदार दोनदा येऊन दम देऊन गेला. वॉर्डातल्या मावशी पुसायचं फडकं पिळत मला म्हणाल्या, "बारा नंबरला दोन पेशंट आहेत गं सिस्टर. एक कॉटवर हसतोय, दुसरी बाहेर विव्हळतेय. सळई चुकीच्या माणसाला घातली की काय डॉक्टरांनी?"

मी हसले होते. एक वाजता.

आता दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि काकू कण्हत नव्हत्या. हे माझ्या उशिराच लक्षात आलं. आवाज थांबल्याचं बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मी काचेकडे पाहिलं. काकू कॉटकडे टक लावून उभ्या होत्या, एक पाय बाकावर टेकवलेला, आणि स्वतःच्या नडगीवरून हात हळूहळू खाली नेत होत्या. हात थांबायचा. पुन्हा बोटभर खाली. पुन्हा थांबायचा.

मी दार उघडलं. "काकू, तुमचा पाय दुखतोय का?"

"माझा कशाला दुखेल?" त्यांचा आवाज बसला होता. "त्यांच्या पायाला आता मुंग्या आल्यात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्या दोघांच्या मधे. मघाशी नव्हत्या."

माझे कान गरम झाले. नडगीच्या पुढच्या स्नायूंवर एक घट्ट आवरण असतं. मार लागल्यावर आत सूज येते, आवरण ताणत नाही, आत दाब वाढत जातो. मग त्यातून जाणारी नस गुदमरते, आणि तिची पहिली तक्रार नेमकी तिथे उमटते, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. हे मला परीक्षेसाठी पाठ करावं लागलं होतं. काकूंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला? काकांनी?"

"ते कसे सांगतील?" काकूंना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी माझ्या पायावर हात फिरवते. ते बघतात. दुखतं त्या जागी हात आला की पापण्या मिटतात, मुंग्या असतील तिथे फडफडतात. मग मी सांगते."

"पण मी विचारते तेव्हा ते शून्य म्हणतात!"

"म्हणणारच. आमच्यात ज्याचं दुखतं तो बोलत नाही, बाई. त्याच्या घरचं माणूस बोलतं. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर त्याचा अर्थ काय? घरच्यांना दिसलं नाही. घरचे आंधळे. बायको जिवंत असताना नवरा स्वतःचं दुखणं चारचौघांत सांगेल? माझी लाज जाईल." त्या थांबल्या. "मी सांगत होते. तुम्ही दार लावलंत."

मी आत धावले. काकांची बेचकी सुईच्या बोथट टोकाने टोचली. "कळतंय?" "कळतंय की." ते हसले आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून काचेकडे गेली. कोपऱ्यातला मॉनिटर ओढून मी त्याचा चाप त्यांच्या हाताच्या बोटाला लावला. नाडी एकशेदहा. पायाची बोटं गुलाबीच होती, आणि आता त्या गुलाबी रंगाचीच मला भीती वाटली. रंग सगळ्यात शेवटी जातो. तो जाईपर्यंत थांबलं तर स्नायू मेलेला असतो. आधी जे येतं ते फक्त दुखणं, प्रमाणाबाहेरचं दुखणं, आणि ते मी तीन वेळा शून्य म्हणून नोंदलं होतं, खाली सही करून.

मी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"बोला सिस्टर."

"बारा नंबर. नाडी चढतेय, एकशेदहा. मला वाटतं पायात दाब वाढतोय."

"बोटं?"

"गुलाबी. गरम."

"वेदना किती?"

फोनची वायर मी बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट काळंनिळं झालं. "तीनदा शून्य लिहिलंय."

"शून्य? मग फोन कशाला केलात?"

"ते शून्य चुकीचं आहे, डॉक्टर. मीच लिहिलंय, आणि चुकीचं आहे."

"बरं. मग बरोबर किती?"

"दहापैकी किती?" दाराशी आलेल्या काकूंना मी विचारलं. त्यांनी विचार न करता दोन्ही पंजे पसरले आणि एक बोट दुमडलं. "नऊ. त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे."

"सिस्टर, पाय कुणाचा मोडलाय?"

तरी ते आले. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी, हातमोजे काढत, दुसरं ऑपरेशन आवरून. कॉटशी उभे राहून त्यांनी थेट विचारलं, "काका, दुखतंय का?"

"नाही साहेब. तुम्ही एवढं केलंत, आता कशाला दुखेल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. त्याने मी जास्त घाबरले, कारण थकलेला माणूस लवकर निघून जातो. ते वळलेसुद्धा.

मी दार सताड उघडलं. "काकू, आत या."

"नातेवाईक बाहेर, हा नियम तुमचाच ना, सिस्टर?" डॉक्टर म्हणाले.

"एकदाच अंगठा खाली वाकवून बघा, डॉक्टर. त्यांच्या तोंडाकडे बघू नका. मॉनिटरकडे बघा, आणि काकूंचं ऐका." माझा आवाज चिरकला. तीन आठवड्यांच्या नर्सने असं बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. चुकले असते तर आकडे खोटे लिहिणारी आणि वर तमाशा करणारी, अशी दोन्ही बाजूंनी गेले असते.

डॉक्टरांनी अंगठा धरला आणि खाली वाकवला.

काका हसतच होते. मॉनिटरवर एकशेदहाचे एकशेएकतीस झाले. आणि काकू ओरडल्या. तसं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या खोलीतून दोन माणसं दारात आली. मावशींच्या हातून बादली सुटली. काकांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांच्या डोळ्याच्या कडेतून पाणी कानात उतरत होतं, आणि ओठ अजूनही हसण्याच्या आकारात होते.

"कात्री," डॉक्टर म्हणाले. आवाज पार बदलला होता. "बँडेज उघडा. सगळं. दाब मोजायची सुई आणा."

नडगीची कातडी चकचकीत झाली होती, बोटाला लाकडासारखी लागत होती. सुई आत गेली. आकडा बावन्नवर स्थिरावला. काकांचा खालचा रक्तदाब सत्तर होता. सत्तरातून बावन्न गेले, अठरा राहिले. तीसच्या खाली गेलं की कापून मोकळं करायचं, एवढं सोपं ते गणित आहे. डॉक्टरांनी ते मनातच केलं आणि स्ट्रेचर मागवलं.

थिएटरचं दार बंद झाल्यावर आम्ही दोघी व्हरांड्यात उरलो. मी भिंतीला टेकून तास मोजत होते. दाब नक्की कधी वाढायला लागला? बाराला काकूंनी 'ताणल्यासारखं' म्हटलं होतं. बारापासून धरलं तर तीनला तीन तास. पुस्तकात म्हणतात, स्नायू चार ते सहा तास टिकतो. पण अकरापासून धरलं तर? भूल असताना कुणाला कळलं असतं? मी प्रत्येक वेळी वेगळी सुरुवात धरत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर वाईट येत होतं. ज्या माणसाला दिवसभर परांचीवर दोन पाय लागतात, त्याच्या पायाची ही वजाबाकी होती.

मोठ्या सिस्टर येऊन गेल्या. "खोडायचं नाही," एवढंच म्हणाल्या. "खाली वेळ घालून खरं काय ते लिही. कुणी सांगितलं तेही लिही." जाताना थांबल्या. "नियम मी दिला होता. तेही माझ्या लक्षात आहे."

काकूंनी हळूच विचारलं, "मी आणखी जोरात ओरडायला हवं होतं का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि हलवतच राहिले.

चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. टोपीखालचे केस ओले होते. त्यांनी माझ्याशी नाही, काकूंशी बोलायला सुरुवात केली. "पायाच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरे दिलेत. जखम सध्या उघडीच ठेवलीय, बघून घाबरू नका. आतलं मांस गुलाबी आहे, चिमटा लावला की आकसतं. एका कडेला जरा करडं वाटलं, ते परवा पुन्हा बघू. पाय राहील."

"चालतील?"

"चालतील. अंगठा वर उचलता येईल की नाही, ते आज नाही सांगता येणार. खोटं कशाला बोलू?"

काकूंनी मान डोलावली. त्या रडल्या नाहीत. रडण्याचं काम आज झालं होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही ठीक आहात ना, सिस्टर?"

"हो. मी ठीक आहे."

"नाहीत," काकू म्हणाल्या. मला नाही, डॉक्टरांनाही नाही. फरशी पुसत आलेल्या मावशींना. "या ठीक नाहीत. मघापासून हात थरथरताहेत. सकाळपासून पोटात काही नाही यांच्या. बसवा यांना कुठेतरी."

"अहो काकू, खरंच काही नाही..."

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायाने स्टूल ओढून माझ्या गुडघ्यामागे लावलं, खांदा धरून मला खाली बसवलं आणि काकूंनाच विचारलं, "आणि आणखी काय होतंय त्यांना?"

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"भीती," त्या म्हणाल्या. "बरीच आहे. अजून उतरलेली नाही."