कपाळाच्या आतल्या लाटा

बोलायला जरा उशीरच झालाय. उभं राहून राहून माझी चाकंसुद्धा कुरकुरायला लागली आहेत. मी ऑपरेशन थिएटरमधला मॉनिटर. नाडी दाखवणारा नव्हे, त्याचा मान मोठा आणि आवाजही मोठा. मी मेंदूच्या लाटा दाखवणारा. पेशंटच्या कपाळाला माझी पट्टी चिकटवतात, आणि आत जे चाललंय ते माझ्या पडद्यावर उमटतं.

कारखान्यातून आलो तेव्हा मला वाटायचं, भूल दिली की मेंदू बंदच पडत असेल. तसं नसतं. जागा मेंदू म्हणजे बारीक, घाईची रेघ. दुधासारखं पांढरं औषध शिरेतून गेलं की ती क्षणभर आणखी खवळते, मग लाटा मोठ्या आणि संथ होत जातात. औषध फार झालं तर रेघ मधूनमधून चक्क सपाट पडते. ते दिसलं की औषध कमी करायला हवं.

पण माझ्याकडे बघतंय कोण? सर्जन नाडीवर खूश. बऱ्याचदा माझ्यावर कुणाचा तरी ॲप्रनच टांगलेला असे.

एकदा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक आजी आल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. टेबलावर घेताच त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचा हात घट्ट धरला.

“मागच्या ऑपरेशनला मला सगळं ऐकू येत होतं हो. ओरडायचं होतं, पण बोट हलेना. लेक म्हणते, आई, तुला भास झाला.”

बाई म्हणाल्या, “माझा विश्वास आहे तुमच्यावर.” आणि माझ्यावरचा ॲप्रन काढून मला जवळ ओढलं.

आजी झोपल्या. लाटा छान संथ झाल्या. मग रक्त बरंच गेलं, रक्तदाब घसरला, म्हणून बाईंनी भुलीचं औषध कमी केलं. थोड्याच वेळात माझी रेघ बारीक व्हायला लागली. घाईची. आजी वर येत होत्या!

“थांबा,” बाई म्हणाल्या.

सर्जन वैतागले. “नाडी तर एकदम झकास आहे!”

“नाडीचं राहू द्या. आजी जाग्या होताहेत.”

सर्जनचे हात थांबले. बाईंनी रक्तदाब सावरायचं औषध दिलं, भूल वाढवली, आणि आजींच्या कानाशी वाकल्या. “आजी, मी आहे इथं. झोपा.” लाटा पुन्हा लांबल्या. माझ्या जिवात जीव आला.

ऑपरेशन झाल्यावर मलाही पलंगाबरोबर शेजारच्या खोलीत नेलं. लेक आली. बाईंनी विचारलं, “काही ऐकलंत का आजी?”

“तुमचा आवाज आला. झोपा म्हणालात. झोपले.”

“त्या खरंच वर आल्या होत्या,” बाई लेकीला म्हणाल्या. “यावर दिसलं. स्नायू ढिले करणाऱ्या औषधानं अंग हलत नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे त्यांची नाडीही वाढत नाही, म्हणून बाहेरून कळत नाही.”

लेकीनं पांघरुणावरूनच आईचं पाऊल धरलं. “म्हणजे तेव्हाही… आणि मी तुला गप्प बस म्हणत राहिले.”

“आता रडत बसू नको. पाणी दे.”

“पाणी इतक्यात नाही!” बाई ओरडल्या.

त्यानंतर बाई मला रोज जवळ घेऊ लागल्या. किती कपाळं झाली, मोजली नाहीत. आता पडद्याची एक बाजू काळी पडलीय, वायर सैल झालीय. नवा मॉनिटर खोक्यातून निघालाय. मला स्टोअरमध्ये ढकलतील. ढकलू देत. खरं सांगतो, दमलोय. दिवसभर दुसऱ्यांची झोप राखायची म्हणजे खायचं काम नाही.

एकच मागणं आहे. भुलीतून उठलेलं माणूस अडखळत काही सांगायला लागलं, तर ‘भास झाला’ म्हणून त्याला मधेच तोडू नका. खुर्ची ओढा, बसा, ऐकून घ्या. तेवढ्यासाठी माझी गरज नाही.