बॅटरी उतरलीय

ती गाडी कधी ना कधी आपल्या दारात येणार, याची पंकजाला खात्री होती. मोटारसायकली म्हाताऱ्या झाल्या की माणसांसारखीच दवाखान्याची वाट धरतात. पालमच्या एसटी स्टँडमागं जुन्या गाड्यांच्या वायरिंगचा दवाखाना एकच, तिच्या भावाचं, रामहरीचं गॅरेज. इंजिन रामहरीकडं, वायरिंग पंकजाकडं.

दसरा होऊन गेला होता. मुकादम लोक गावोगाव फिरून ऊसतोडीच्या टोळ्या पक्क्या करत होते. अशा एका सकाळी भगवानराव मुकादम लाल टाकीची गाडी घेऊन गॅरेजपुढं थांबला. स्टँडवर त्याची वाट बघत बसलेले पंडित आणि कमलबाई, हे नवराबायको, पिशव्या सावरत त्याच्यामागं आले. यंदा पहिल्यांदाच त्याच्या टोळीत जाणार होते.

हवा भरायच्या मशीनजवळ पंकजाचा नवरा सूर्यभान बसला होता. तो लगबगीनं उठला आणि डावा हात कपाळाला लावून म्हणाला, "रामराम, मालक."

उजवा हात मनगटाच्या वर संपलेला होता.

"रामराम सूर्या. बरं चाललंय का?"

"चाललंय की. तुमची कृपा."

पंकजा पान्यावरचं ग्रीस पुसत होती. 'तुमची कृपा' हे शब्द कानात पडले आणि तिनं पाना जरा जोरातच ठेवला.

तिला काही वर्षांपूर्वीची, ऊसतोडीतली ती पहाट दिसली. वर पश्चिमेकडं, साखर कारखान्याच्या रानात, उसाच्या पाचटात हात घातला आणि सूर्यभानला घोणस डसली. हात बघता बघता सुजला. पंकजा अनवाणी पळत मुकादमाच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर गेली. ही लाल गाडी कोपीपुढंच उभी होती, धुऊन पुसून, आरशाला झेंडूची माळ घातलेली. भगवानराव दात घासत होता. "बॅटरी उतरलीय गं पोरी," तो म्हणाला होता, "गाडी उठतच न्हाई. बैलगाडी जुंपा." बैलगाडी दवाखान्यात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं होतं. जीव वाचला. हात वाचला नाही. संध्याकाळी मुकादम केळी घेऊन भेटायला आला आणि सूर्यभान ती केळी अजून विसरलेला नव्हता. "गाडीच बंद होती," तो ज्याला त्याला सांगायचा. "त्यानं तरी काय करावं? मानूस वंगाळ न्हाई."

पंकजाही तेच मानत होती. मग ते ऊसतोड सोडून पालमला आले, ती भावाच्या हाताखाली शिकायला लागली, आणि एके दिवशी अशीच एक जुनी गाडी उघडून रामहरी तिला समजावत म्हणाला, "हे बघ ताई, ह्या जुन्या गाडीला ठिणगी बॅटरी देत न्हाई. इंजिन फिरलं की आतला मॅग्नेट देतो. त्याची कॉइल येगळी. बॅटरी निस्ती हॉर्नला आन इंडिकेटरला. ती काढून नाल्यात फेकली तरी गाडी किकवर उठती."

"उठती?"

"उठती म्हंजे. नव्या गाड्यांचं येगळं."

पंकजानं त्या दिवशी जेवण केलं नाही. रामहरीला वाटलं, उन्हानं डोकं धरलं असंल.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. कारण एक शंका उरली होती. काही हौशी लोक जुन्या गाडीची ठिणगी बदलून बॅटरीवर घेतात. मुकादमानंही घेतली असली तर? तर तो खरंच बोलला होता, आणि आपण एका बऱ्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतोय. ती गाडी उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय न्याय नाही. म्हणून ती थांबली. तिची आई झुंबरबाई जात्यावर बसली की पहिला घास देवाच्या नावानं घालायची. पंकजाच्या घरी जातं नव्हतं, पण गाड्यांच्या वायरी सोलताना तिच्या ओठांत तीच चाल यायची, शब्द तेवढे तिचे:

दळण दळिते, खाली पिठाची ग रास,
वैऱ्याच्या नावानं घालिते पहिला घास.

वैरी ठरायचा होता अजून. घास मात्र पडत होता.

"काय त्रास हाय, मुकादम?" तिनं विचारलं.

"चार्जिंगच न्हाई, पंकजाबाई. नवी बॅटरी टाकली, पंधरवड्यात आडवी. हॉर्न बकरीवानी वरडायलाय. इंडिकेटर तर डोळा मारायचंच विसरला."

कमलबाई हसली. "मालक, हॉर्नबिगर टोळी कशी उठवायचाव पहाटं?"

"म्हनून तर आलो. तुमी लोक हॉर्नबिगर उठताव व्हय?"

पंकजानं बाजूचं झाकण काढलं. मीटरच्या पिना बॅटरीला लावल्या. बाराच्या खालीच. "गाडी चालू करा." भगवानरावानं उभ्या उभ्या अर्धी किक मारली, गाडी लागली. तिनं रेस वाढवून घेतली. चार्जिंग होत असतं तर आकडा चौदाच्या घरात चढला असता. तो जागचा हलला नाही.

"चूल पेटली का न्हाई ते आधी बघावं लागंल," ती म्हणाली.

मॅग्नेटकडून येणारी वायर तिनं सोडवली, मीटर फिरवून लावला. रेस दिली की आकडा भराभर वर जात होता. म्हणजे चूल पेटलेली, भाकरी झालेली. ताट आणणारा कुठंतरी अडला होता. मॅग्नेट आणि बॅटरीच्या मधे बसणारी ती पात्यापात्यांची डबी, रेग्युलेटर, तिनं खोलली. तिच्या अर्थिंगचा बोल्ट गंजलेला होता. तो घासून पांढरा केला, पुन्हा कसला, पुन्हा तपासलं. आकडा जागेवरच.

"रेग्युलेटर गेलाय," ती म्हणाली. "करंट तयार व्हायलाय, पन बॅटरीपस्तोर जाईना."

"टाका मग नवा."

"टाकते. जरा बाकीचं बघू द्या."

बाकीचं म्हणजे ज्यासाठी ती इतके दिवस थांबली होती. गाडी बंद करून टाकीखालून येणारा वायरींचा गठ्ठा तिनं हलक्या हातानं मोकळा केला, माहेरी आलेल्या बहिणीची वेणी सोडावी तसा. ठिणगीच्या डबीला जाणारी वायर बोटांत धरून ती तिच्यामागं मागं गेली. कुठं जोड नाही, टेप नाही, कापाकापी नाही. कारखान्यातून आली तशीच वायर सरळ मॅग्नेटकडं जात होती. बॅटरीकडं ती वळतही नव्हती.

पंकजा तशीच उकिडवी बसून राहिली.  मग तिनं वर बघितलं. आवाज तिनं मुद्दाम गोड ठेवला.

"मुकादम, ठिणगीच्या वायरीला कवा कुनी हात लावलाय का? ही सीडीआयची डबी बदलली, वायरिंग बदललं?"

"छ्या. मालाला धक्का न्हाई. मिस्त्री लोक बघून खुश होतेत."

"आन बॅटरी उतरल्यावर उठायला तरास देती का?"

"अजिबात न्हाई. आता बघितलं न्हाई का तुमी? अर्ध्या किकची राणी हाय ती. बॅटरी असू दे नसू दे."

"पयल्यापासून?"

"पयल्यापासून. बारा वरसांत कवा रस्त्यात उभी केली न्हाई मला."

तो टाकीवर थाप मारून हसला. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पंकजाला वाटलं होतं, तो निदान चाचरेल, विषय बदलेल. ज्याचा हात गेला त्याच्या आयुष्याची उलथापालथ झाली, आणि ज्याच्या तोंडच्या दोन शब्दांनी तो गेला त्याला ते शब्द थुंकीसारखे. थुंकले, झालं.

आता तिच्या मनात शंका उरली नाही, आणि दयाही.

तिनं बॅटरीचे दोन्ही नट सोडवले. बॅटरी बाहेर काढली आणि सरळ नवऱ्यापुढं गेली.

"धरा अवं ही."

सूर्यभाननं डाव्या हातानं बॅटरी छातीशी धरली. "कुठं ठिवू?"

"ठिवायची न्हाई. घट्ट धरा. आन या हिकडं. किक मारा."

"कशाला?"

"मारा म्हनते ना."

"अगं, बॅटरी तर माझ्यापाशी हाय. कशी उठंल?"

"तेच बघायचंय आपल्याला."

रामहरीनं इंजिनातलं डोकं वर काढलं. बहिणीचा चेहरा बघून तो पुढं यायचा थांबला. भगवानरावाच्या ओठावरचं हसू अजून होतं, पण ते जागा शोधत होतं.

"पंकजाबाई, काय खेळ लावलाय? रेग्युलेटर टाका, मला बोरीला जायचंय."

"टाकते की. आधी ह्यांना किक मारू द्या."

सूर्यभाननं बॅटरी कवटाळली, पाय ठेवला आणि किक मारली. पहिल्याच किकेला गाडी लागली. ठक ठक ठक, एकसारखी, कसलीही कुरकुर न करता. बॅटरीची जागा रिकामी होती. पलीकडचा उजेड तिच्यातून आरपार दिसत होता.

सूर्यभान त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. मग छातीशी धरलेल्या बॅटरीकडं. मग पुन्हा जागेकडं.

"उठली," तो म्हणाला.

"उठली," पंकजा म्हणाली. "त्या दिवशी बी उठली असती. मुकादम दात घासायलेले, गाडीला माळ घातलेली, आन मी पाया पडायले. काय म्हनले होते मला? बॅटरी उतरलीय. गाडी उठत न्हाई."

भगवानरावाला तेव्हा आठवलं. डोळ्यांच्या आधी ते त्याच्या हातांना आठवलं; ते खिशात गेले, बाहेर आले, पुन्हा खिशात गेले.

"ते लय जुनं झालं," तो म्हणाला. "आन तवा मला काय ठावं, अशी उठती..."

"आत्ताच म्हनलाव, पयल्यापासून," कमलबाई बोलली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "बॅटरी असू दे नसू दे."

"तू गप गं. सूर्या, ऐक. हंगाम भरात होता. एक गाडी गेली की चार मानसं मागं पळतेत, कोयते खाली पडतेत. कारखान्याच्या गाड्या उभ्या होत्या माझ्या उरावर. मला वाटलं, बैलगाडीनं बी पोचंल. पोचलाच ना? मी आलो की न्हाई केळी घेऊन?"

 पंडितनं हातातली पिशवी खांद्यावर घेतली, बायकोकडं बघितलं, आणि मुकादमापासून दोन पावलं बाजूला सरून उभा राहिला.

सूर्यभाननं वळून पंकजाला विचारलं, "तुला कवापसून ठावं?"

"गाड्यांचं ठावं होतं दोन वरसं. ह्या गाडीचं आज."

"दोन वरसं मी रामराम करायलो."

"करू दिला. मी सांगून तुमाला पटलं नसतं. तुमी मलाच गप केलं असतं."

त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. ते मुकादमासाठी होतं तसं थोडं तिच्यासाठीही होतं, हे तिला कळलं. तिनं नजर खाली घातली नाही. त्याचा हा एवढा राग आपल्या वाट्याला येणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

त्यानं बॅटरी जमिनीवर ठेवली. चालू गाडीच्या मागच्या सीटवर टांग टाकून बसला.

"बसा, मालक. चालवा."

"कुठं?"

"दवाखान्यात."

"काय झालंय तुला?"

"त्या दिवशी झालेलं. न्यायचं राहिलंय तुमचं."

"येडा हाईस का? लोक बघायलेत."

"बघू द्या की. त्यांनी इचारलं तर सांगू."

स्टँडवरची माणसं जमायला लागली होती. एक कंडक्टर हातातली तिकिटांची मशीन तशीच धरून दारातून बघत होता. भगवानरावानं रामहरीकडं बघितलं. रामहरी पुन्हा इंजिनात वाकला होता. मग मुकादमानं पंडितकडं बघितलं. पंडित जमिनीकडं बघत म्हणाला, "न्या की. गाडी तर चालू हाय."

मुकादम गाडीवर बसला. सूर्यभाननं उजवा दंड उचलला आणि मनगटाच्या वर संपलेला तो हात मुकादमाच्या खांद्यावर, मानेला टेकेल असा ठेवला. भगवानराव आक्रसला, पण झटकता आलं नाही.

"सावकाश घ्या," सूर्यभान म्हणाला. "आता घाई न्हाई मला. बाजारातून घ्या, मोंढ्यातून घ्या."

गाडी पहिल्या गिअरवर निघाली. आज बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या, शेरडं, हातगाडे, सगळा रस्ता भरलेला. हॉर्न नव्हता. भगवानराव मुकादमाला तोंडानं ओरडावं लागत होतं, "सरका, सरका," आणि सरकणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या तोंडाकडं बघायचा, मग त्याच्या खांद्याकडं.

"लांब हाय का दवाखाना?" कमलबाईनं पंकजाला विचारलं.

"न्हाई. हितंच हाय, बाजार संपला की."

पंकजा रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. गर्दीच्या डोक्यांवरून सूर्यभानची ताठ पाठ दिसत होती. तिला वाटलं, दवाखाना आणखी दहा गावं पलीकडं असायला हवा होता.