विहिरीचे पत्ते

आसारामने विहिरीचे दोन पत्ते काठावरच्या सपाट दगडावर उघडे मांडले आणि वारा नसतानाही त्यांच्यावर एकेक खडा ठेवला. बदामचा राजा आणि किलवरची सत्ती.

"सतरा," तो म्हणाला. "थांबली."

"तिचं बरंय," तानाजी म्हणाला. "तिला घरी गेल्यावर कुणी इच्यारत न्हाई, कावून थांबलीस म्हणून."

कुणी हसले नाही. तानाजीही आपल्या बोलण्यावर हसला नाही. त्याने पुढ्यातले अठरा पुन्हा एकदा पाहिले आणि तळहात जमिनीवर पालथा टेकवला. म्हणजे बास.

आदल्या दिवशी विहिरीच्या तळाला सुरुंग लावले होते. सगळे उडाले, एक उडाला नाही. अडकलेला बार तसाच टाकून विहीर खोदणाऱ्या टोळीला निघून जाता येत नाही. कुणीतरी दोराने उतरायचे, भोकात पाणी ओतायचे आणि आतली वायर अलगद मोकळी करायची. अशा वेळी मुरूम वर ओढणाऱ्या यारीचे इंजिन लावत नाहीत. बार उडायला त्याचा हादराही कधी कधी पुरतो. कोण उतरणार हे सांगायला आसारामची जीभ रेटत नसे, म्हणून फार वर्षांपासून त्याच्या टोळीत ते एकवीसच्या डावावर ठरे. गुत्तेदार असून तो स्वतःचेही पत्ते मांडी.

डाव विहिरीशी असे. सगळ्यांचे पत्ते उघडे, तिचेही. चित्राला दहा, एक्क्याला एक किंवा अकरा. हवे असेल तर जमिनीवर बोटाने ठोका द्यायचा, की पान मिळते. एकवीसच्या वर गेला तो जळला. बरोबरी झाली तर विहीर जिंकली. जो तिच्यावर चढला तो सुटला. हरलेल्यांनी एकच उरेपर्यंत पुन्हा खेळायचे, आणि उरला त्याने उतरायचे. विहिरीला तोंड नाही, म्हणून तिच्यासाठी नेम घालून दिलेला होता. सोळापर्यंत घ्यायचे, सतराला थांबायचे. ती जळलीच, तर सगळे सुटले. मग त्या बाराला टोळीतल्या कुणी हात लावायचा नाही, पाणी चढून तो आपोआप बुडेल तेव्हा बुडेल.

वनमाला बाभळीच्या सावलीत पाट्या पालथ्या घालून बसली होती. ती टोळीत मुरूम वाहायची. डावात बायकांचे पत्ते नसत, पण बघून बघून तिला खेळ पाठ झाला होता. नव्या माणसाला आसाराम सांगायचा, आपले पत्ते नंतर बघ, आधी तिचे बघ. ती चौदा-पंधरावर असली तर तू हलू नको, तिला घ्यावंच लागतं, जळू दे तिला. ती वीसवर बसली असली तर एकोणीस धरून बसलेला माणूस मेलेलाच असतो, त्याने मागावे. तिला अक्कल नाही, हीच आपली अक्कल.

आता अंगदची पाळी होती. वनमालेचा नवरा. त्याच्या पुढ्यात बारा होते. सतराला थांबलेल्या विहिरीपुढे बारा धरून बसण्यात काही अर्थ नव्हता. त्याने बोट उचलले, पण ते लगेच खाली आले नाही.

"माग की बे," तानाजी म्हणाला. "अंडी उबवायलास का?"

अंगदने ठोका दिला. आसारामने पान टाकले. इस्पिकची अठ्ठी. वीस.

वनमालेने धरून ठेवलेला पदर सोडला.

आसारामकडे पंधरा होते. त्याने स्वतःला पान घेतले. नव्वी आली.

"जळलो," तो सहज म्हणाला, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला.

"काका, त्या गुडघ्यांनी?" तानाजी म्हणाला. "खाली गेलात तर वर काढायला बैल जुपावं लागतील."

"मग जुप."

तेवढ्यात खालून आवाज आला. टक.

दगडावर बोटाचे हाड वाजवावे तसा. आसाराम अर्धा उठलेला तसाच राहिला.

"ढेकूळ पडलं असंल," तानाजी म्हणाला.

विहीर खोल होती. ढेकूळ पडले तर वाजते, फुटते, घरंगळते. हा आवाज एकटाच आला होता, आणि मागे काहीच आले नव्हते. बाभळीवर होले घुमत होते, ते गप्प झाले. उन्हात मोसंबीची झाडे पाने मिटून उभी होती.

टक.

आसाराम हळूच खाली बसला. पत्त्यांची गड्डी त्याच्या डाव्या हातात होती. त्याने अंगठा वरच्या पानावर ठेवला.

"काका," वनमाला सावलीतून बाहेर आली. "सतरा हायत तिचे. सतराला ती थांबती. तुमचाच नेम हाय."

"नेम तिला तोंड न्हाई म्हणून व्हता, पोरी. मागितल्यावर न्हाई कसं म्हणायचं?"

"कुणी मागितलं? खाली कोन हाय?"

आसारामने पान काढले आणि दगडावर राजाच्या शेजारी ठेवले. चौकटची चव्वी.

एकवीस.

अठरा गेले, वीसही गेले. सगळे हरले होते. आता पुन्हा पत्ते पडणार होते आणि अंगद पुन्हा त्यात असणार होता. वनमालेने नवऱ्याकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम नव्हता. तो विहिरीकडे कान देऊन बसला होता, हाक येणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखा.

आसारामने पत्ते गोळा करायला हात पुढे केला.

टक.

"आता काय?" तानाजीचा आवाज चिरका झाला. "एकवीस झालेत. एकवीसवर कोन मागतंय बे? आता कुठलंबी पान आलं तरी जळणार."

"दे काका," अंगद म्हणाला. डाव सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

आसारामने पान दिले. दुर्री. त्याने ते चार पत्ते बोटाने मोजले आणि म्हणाला, "जळली. सुटलो आपुन सगळे."

तानाजीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तो उठून यारीच्या पलीकडे गेला आणि तिथून म्हणाला, "जिकलेल्या हातावर मागायची खोड मी एकाचीच बघितली हाय."

त्याने नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. नाथा, वनमालेचा धाकटा भाऊ, गेल्या उन्हाळ्यात याच टोळीत होता. केजच्या बाजूला एका विहिरीत असाच बार अडकला. शेवटी डावात तो आणि अंगद दोघेच उरले. वीस आले तरी नाथा मागायचा. एकदा जळला, पण अंगदही हरला, पुन्हा पत्ते पडले, पुन्हा वीसवर मागितले. अंगद सुटेपर्यंत तो मागत राहिला. मग तो उतरला, आणि त्याला वर काढायला चादर लागली. वनमाला तेव्हा माहेरी बाळंतीण होती. तिला हे सगळे अंगदनेच सांगितले होते, कारणासकट.

"त्याला मोजता येत न्हवतं," ती म्हणाली. "दुसरीतून शाळा सोडली त्यानं."

आसाराम विहिरीच्या पत्त्यांवरचे खडे एकेक करून बाजूला काढत होता.

"येत व्हतं, पोरी," तो म्हणाला. "मजुरांच्या हजेऱ्या त्योच तोंडी ठेवायचा माझ्याकडं. एक चूक न्हाई."

वनमाला उभीच राहिली. मग तिने अंगदकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने मुरूम उकरत होता.

बांधावरून शेताचे मालक रामप्रसाद आले. त्यांच्यामागे त्यांचा सालगडी सोमनाथ होता. डाव कसा झाला ते तानाजीने सांगितले. ठोक्यांचे त्याने सांगितले नाही.

"म्हंजे कुणीच उतरणार न्हाई?" रामप्रसाद म्हणाले. "आसाराम, माझी बाग जळायली. पाणी चढायची वाट बघायची तर ते कवा चढायचं? पत्त्यावर का शेती करायची मी?"

"नेम हाय मालक."

"तुमचा नेम तुमच्यापाशी. सोमनाथ, उतर तू. वायर तर काढायची. काय सांगायचंय ते काका सांगतील."

सोमनाथ पन्नाशीचा, वाळका माणूस. त्याने विहिरीकडे पाहिले, मालकाकडे पाहिले आणि चपला काढून एकीवर एक नीट ठेवल्या. मग टोपी काढून त्यांच्यावर ठेवली.

अंगद उठला. सोमनाथच्या हाताला धरून त्याने त्याला बाजूला केले आणि दोराचे टोक आपल्या कमरेला घेतले.

"बस की बे," तानाजी म्हणाला. "सुटलास न्हवं?"

"सुटलो."

"मग?"

"दुसऱ्यांदा न्हाई," अंगद म्हणाला.

तानाजीला ते कळले नसावे. आसारामने मान वळवली. अंगदने गाठ मारली, ओढून पाहिली आणि पाण्याची कळशी मागितली. वनमालेनेच ती आणून दिली. त्याने घेतली, पण तिच्या तोंडाकडे पाहिले नाही. ती त्याला जाऊ नका म्हणेल, असे सगळ्यांना वाटले. रामप्रसादही क्षणभर थांबले.

ती त्याला वळसा घालून मागे गेली. तानाजी आणि आसाराम दोर धरायला उभे होते. त्यांच्याही पुढे, अगदी काठाजवळ, तिने जागा घेतली आणि दोर धरला.

"वैनी, तुमी कावून? हात सोलंल."

"सोलू दे."

अंगद काठावर बसला. पाय आत सोडले, मग वळून दगडांच्या खाचांत बोटे घातली आणि खाली सरकला. दोर इतका वेळ हलका होता. आता त्यात त्याचे वजन आले आणि तिच्या तळहातातून खांद्यापर्यंत चढले. आतला गारवा वर येत होता. खालून एकही आवाज येत नव्हता.

काठाशी फक्त त्याचे डोके उरले तेव्हा त्याने वर पाहिले. त्या दिवसात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे सरळ पाहिले.

"धरलाय न्हवं?" त्याने विचारले.

 वनमालेने दोन्ही टाचा काळ्या मातीत रोवल्या, आणि दोर एक वीत सोडला.