पाच मिनिटांची दाल

साखर कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत कसबा बावड्याच्या गणपतरावांनी स्वतःच्या हातानं गॅस पेटवला नव्हता. लेकीच्या बाळंतपणासाठी बायको शालन गडहिंग्लजला निघाली, तेव्हा पुण्याच्या मुलानं, सम्राटनं, तयार जेवणाच्या पाकिटांचं खोकंच पाठवून दिलं.

गणपतरावांच्या लहानपणी घरात आयतं म्हणजे पापड नि शेवया, त्याही आईनंच केलेल्या. सम्राट शाळेत असताना झटपट नूडल्स आल्या; गणपतराव त्यांना गांडुळं म्हणायचे. आता दाल मखनी, पनीर, पुलाव, सगळंच पाकिटात. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, फोडायचं, खायचं.

पहिला घास घेऊन त्यांनी शालनला फोन लावला.

“आगं, हे गोड हाय की! आजाऱ्याचं जेवाण धाडलंय पोरानं.”

“मग वरनं फोडणी द्या.”

“ती कशी देत्यात?”

शालननं सगळं सांगितलं. थोड्या वेळानं तिनंच फोन करून विचारलं, “मोहरी तडतडली का?”

“तडतडली न्हाय, पेटली.”

पण गणपतराव हट्टी. दुसऱ्या दिवशी फोडणी जमली. मग त्यात कांदा-लसूण चटणी पडली. मग भाजलेलं खोबरं. एका बुधवारी पनीरच्या पाकिटाला सोबत म्हणून अर्धा किलो मटण आलं.

शेजारच्या बाळासोंनी ते वाटीभर चाखलं आणि चव पाकिटाचीच समजून त्याचं नाव विचारून घेतलं. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला मलकापूरचे पाहुणे येणार होते. बाळासोंनी बायकोला आराम दिला, तीच पाकिटं आणली आणि वर लिहिल्याप्रमाणं गरम करून वाढली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं दोन घास खाऊन हळूच विचारलं, “घरात कोण आजारी हाय काय?”

पाहुणे गेल्यागेल्या बाळासो तावातावानं आले. “गणपतराव, फसवलासा मला!”

“न्हाय ओ. बघा तरी.”

बाळासो ओट्यापाशी उभे राहिले. खोबरं भाजलं, वाटण झालं, मटण शिजलं, तर्री आली. अगदी शेवटी गणपतरावांनी पाकीट फोडून त्यातलं दोन चमचे वर सोडलं.

“मग हे कशाला घालताय?”

“पोरानं धाडलंय. वाया कशाला घालवायचं?”

बाळासो त्यांच्याकडं बघतच राहिले. “आवं, तुमास्नी सैपाक येतोय की!”

गणपतरावांचा हात थांबला. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती.

शालन परत आली. मसाल्याचे डबे जागेवर नव्हते, म्हणून आधी भांडली. मग जेवायला बसली. मीठ जरा कमी आहे म्हणाली आणि पुन्हा वाटी पुढं केली. संध्याकाळी तिनं सम्राटला फोन केला.

“पाकिटं धाडू नकोस रं आता. एकेक पाकीट करायला ह्यास्नी दोन तास लागत्यात.”

आतून गणपतराव ओरडले, “पनीरचं तेवढं धाड म्हणावं! मटणात बरं लागतंय.”