माहेरी गेलेली अक्काबाई

सोपानने बायकोच्या हातातली कळशी काढून घेतली आणि मागच्या दाराने तिला शेजारच्या धोंडाबाईकडे नेऊन बसवलं. मार्गासनीचे पाहुणे लेकीला, लीलाला, बघायला येणार होते. ते परत जाईपर्यंत अक्काबाईने बाहेर यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांमागे अक्काबाई आठ महिने पुण्याला वेड्यांच्या दवाखान्यात होती. आता ती गोळ्या घ्यायची आणि भोरला आलेल्या एका भंतेजींनी शिकवल्याप्रमाणे रोज सकाळी श्वासाकडे लक्ष देत बसायची. भाकऱ्या थापायची, भांगलायला जायची, नवऱ्याची चेष्टासुद्धा करायची. पण किकवी गावाने एकदा वेडीचा शिक्का मारला तो मारलाच. सोपान तसा वाईट नव्हता, नुसता घाबरट. आईपायी पोरीचं लग्न मोडेल, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

पाहुणे आले, जयभीम झाला. मुलाचे वडील साहेबराव, आई कमळाबाई आणि मुलगा. मुलगा एकदा मान वर करील तर शपथ. साहेबरावांनी मुलीच्या आईची चौकशी केली, तेव्हा सोपानने घोकून ठेवलेलं सांगून टाकलं, की ती माहेरी गेलीय, भाऊ आजारी आहे. पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता लीला थांबली.

"आई शेजारी हाय," ती म्हणाली. "बोलावून आणते."

सोपानला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्काबाई आली, पदर सारखा करून समोर बसली.

"माझं डोकं फिरलं हुतं. आठ महिनं दवाखान्यात हुते. आता बरी हाय. पोरीचा ह्यात काय दोस न्हाई."

बोलून झाल्यावर तिला किती हलकं वाटलं! सोपान मात्र खाली मान घालून बसला. त्याला बायकोची नव्हे, स्वतःची लाज वाटत होती.

कमळाबाईने पोह्यांना हात लावला नव्हता. आल्यापासून ती पदराचं टोक पिळत होती. ती उठून अक्काबाईजवळ येऊन बसली.

"झोप येती का आता?"

"येती."

"किती दिसांनी यायला लागली?"

"लई दिस लागलं. गोळी घेते. पडलं की श्वासाकडं बघते. इचार येत्यात, येऊ देते. त्यांच्या मागं जात न्हाई."

कमळाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. साहेबरावांनी बायकोकडे बघितलं. मग त्यांनी कबूल केलं, की तेही तिला घरीच ठेवून येणार होते, तीच हट्टाने आली. वर्षभर तिचा डोळ्याला डोळा नव्हता आणि हे त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"विहीणबाई," ते अक्काबाईला म्हणाले, "तुमच्या त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडं कंच्या वारी जायचं असतं?"

तो 'विहीणबाई' शब्द सोपानला जरा उशिराच उमगला. दाराशी उभ्या लीलाला लगेच कळला होता.

"बुधवारी," अक्काबाई म्हणाली. "मी येते संगं."