नाववालीचे बूट

लेखिकेची एक रीत होती. प्रवासावरचा प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी ती आईला वाचून दाखवायची. आईची नजर अधू झाली होती, पण कान तिखट होते. एखादं वाक्य लंगडलं की ती तिथल्या तिथे खुर्चीच्या हातावर बोट आपटायची. सात वर्षांत या रीतीत खंड पडला नव्हता, आणि सात वर्षांत लेखिकेने एकदाही पुरतं खरं लिहिलं नव्हतं.

म्हणजे डोंगर, बंदरं, लॉज, सगळं खरं. खोटं एवढंच, की ती एकटी फिरते. प्रत्येक वेळी बरोबर शिडी असायची. उंचीमुळे पडलेलं हे नाव. शिडी एका दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि यांच्याच वरच्या खोलीत राहायची. आईच्या लेखी ती भाडेकरू, लेखिकेचा मात्र तिच्यावर जीव. लेखात बिचारीला कधी टॅक्सीवाल्याचं सोंग मिळायचं, कधी लॉजच्या मालकिणीचं.

आता या लेखांचं पुस्तक निघणार होतं. शेवटच्या लेखातही मी वाटेत भेटलेली कुणीतरी असेन तर मी या घरात राहणार नाही, असं शिडीने आवाज न चढवता सांगितलं होतं. म्हणून लेखिकेने मन घट्ट करून तो लेख खराखुरा लिहिला. संपादकांना तो पाच वाजता हवा होता. साडेचार झाले होते. शिडी बाहेरच्या दाराशी बॅग घेऊन ऐकत उभी होती.

वाचता वाचता शिडीबद्दलचं ते वाक्य आलं. लेखिकेच्या तोंडचं पाणी पळालं. घर आईचं, आणि आईच्या रागाला ती अजूनही शाळकरी पोरीसारखी भ्यायची. तिने ऐन वेळी कच खाल्ली.

"वादळात माझा हात धरून बसली होती," तिने वाचलं, "ती नाववाली."

पुढचं ती घाईघाईने वाचत सुटली. नाव किनाऱ्याला लागली, नाववालीने बूट उपडे करून तीन-तीनदा जमिनीवर आपटले आणि मगच पायात घातले. आईचं बोट खुर्चीवर वाजलं.

"टॅक्सीवालाही असेच आपटायचा," आई म्हणाली. "ती लॉजवालीसुद्धा."

लेखिकेच्या आता लक्षात आलं. सोंगं बदलली होती, सवय बदलायची राहून गेली होती.

तेवढ्यात दाराशी ठक, ठक, ठक झालं. बुटात विंचू असेल या लहानपणच्या धास्तीने शिडी घरातही बूट आपटल्याशिवाय घालत नसे.

"नाववाली निघाली वाटतं," आई म्हणाली.

लेखिकेने कागद मांडीवर ठेवला.

"मला केव्हाच कळलंय. आवडलं का विचारशील तर नाही आवडलं. अजून पचत नाही. पण वादळात हात धरला तिने, आणि तू तिला नाव वल्हवायला बसवतेस?"

दाराशी दुसरा बूट वाजला. ठक.

लेखिकेने कागद उचलला. तिने दारापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं, "हात धरून बसली होती ती माझी जोडीदार. आम्ही दोघी एकत्र संसार करतो."

वाचताना मध्येच आणखी एक ठक झालं होतं. आई दाराकडे कान लावून बसली, लेखिकाही.

तिसरा ठोका काही पडला नाही.